दोन कालखंडांची तुलना : जमेच्या आकड्यांचा खरा अर्थ

(सावरगाव येथे ग्रामस्थ, अधिकारी आणि शिक्षक यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पांढुर्णा आणि सौंसर हा सातपुड्याच्या दक्षिण उतरणीवरचा मुलूख. येथील राज्य मध्यप्रदेशाचे, घरातील बोली मराठी आणि संत्र्याची बाजारपेठ नागपूरची. येथील माणसाला दोन भाषांचा आणि दोन पंचांगांचा व्यवहार लहानपणापासून अंगवळणी पडलेला असतो. मराठी घरात ज्या दिवसाला श्रावण अमावास्या म्हणतात, त्याच दिवसाला हिंदी पंचांगात भाद्रपद अमावास्या म्हणतात. दिवस एकच, बैल तेच, पोळाही तोच. फक्त महिन्याचे नाव निराळे. ही गोष्ट मी प्रारंभीच सांगतो, कारण आजच्या विषयाचे बीज तीत आहे. विषय आहे, दोन निरनिराळ्या कालखंडांतील जमेची तुलना कशी करावी हा.

पूर्वी एखाद्या स्थानिक संस्थेच्या दोन वर्षांच्या उत्पन्नाची तुलना करावयाची म्हणजे कारकुनाला आठवडाभर रोजकीर्दी आणि पावतीपुस्तके चाळावी लागत. आता ते काम संगणकाने क्षणात होते. पडद्यावर जो गोषवारा दिसतो, त्यास डॅशबोर्ड म्हणतात. त्यात तारखांच्या दोन जोड्या भरावयाच्या असतात : पहिला कालखंड अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आणि दुसरा कालखंड अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. तारखा भरताच दोन्ही जमा शेजारीशेजारी उभ्या राहतात. वाढ असेल तर हिरवा बाण वर जातो, घट असेल तर तांबडा बाण खाली येतो. ही सोय उत्तम आहे आणि तिचा लाभ आपण घेतलाच पाहिजे. यंत्राची बेरीज सहसा चुकत नाही. परंतु कोणत्या तारखा एकमेकींसमोर ठेवावयाच्या, हे यंत्र ठरवीत नाही. ते आपण ठरवितो आणि चूक होते ती तेथेच.

एक चूक, माझ्याच हातची

ही चूक किती महाग पडते, हे सांगण्यासाठी दुसऱ्या कोणाचे उदाहरण शोधण्याची मला गरज नाही. २०२३ सालच्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट आहे. एका गावच्या बाजार फीच्या वसुलीचा आढावा माझ्याकडे होता. गावाचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. मी पडद्यावर ऑगस्ट २०२३ आणि ऑगस्ट २०२२ हे दोन महिने निवडले. दोन्ही महिने ३१ दिवसांचे. तुलना सरळ आहे असे मला वाटले. तांबडा बाण बराच खाली गेला. मी टिपणी लिहिली की, वसुलीत मोठी घट झालेली असून संबंधित वसुली कारकुनाकडून खुलासा घ्यावा. खुलाशाची नोटीस निघाली आणि गावात जे बोलले जावयाचे, ते बोलले गेले.

तो कारकून माझ्यापुढे आला तेव्हा त्याच्या हाती पावतीपुस्तक नव्हते, पंचांग होते. तो एवढेच म्हणाला, “साहेब, पैसा म्या खाल्ला नाही जी. पोळाच अजून आला नाही.”

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत अधिक मास होता. त्यामुळे त्या वर्षी पोळा १४ सप्टेंबरला आणि गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. आदल्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, पोळा ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात येऊन गेला होता आणि गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. म्हणजे एका ऑगस्टात पोळ्याचा बाजारही होता आणि गणपतीचा बाजारही होता. दुसऱ्या ऑगस्टात दोन्ही नव्हते. घुंगरमाळा, झुली, कासरे, वेसणी, बेगड, मातीचे आणि लाकडी बैल घेऊन जे दुकानदार पोळ्यापूर्वी रस्त्याच्या कडेला बसतात, ते बसलेच नव्हते, तर त्यांच्याकडून फी कोठून जमा होणार?

पुढे दोन्ही वर्षांचे ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन-दोन महिने एकत्र घेऊन पाहिले, तेव्हा फरक नाममात्र उरला. नोटीस मागे घेतली. परंतु त्या महिनाभरात त्या माणसाविषयी पारावर आणि चहाच्या टपरीवर जे बोलले गेले, ते मागे घेण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला नाही. आकड्यांची चुकीची तुलना ही केवळ गणिताची चूक नसते. ती एखाद्या माणसाच्या अब्रूशी खेळ ठरू शकते. म्हणूनच हा विषय मी आपणापुढे मांडीत आहे.

पूर्वजांनाही पडलेला प्रश्न

वर्ष कोठून कोठपर्यंत मोजावे, हा प्रश्न नवा नाही. हिजरी वर्ष चांद्रमासांवर चालते आणि ते सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे सारावसुलीची तारीख हिजरी सनाप्रमाणे ठरविली, तर काही वर्षांनी पीक शेतात उभे असतानाच साऱ्याची मागणी दारात येते. ही अडचण ओळखून अकबराच्या काळात पिकाशी जुळणारा फसली सन सुरू झाला. आपल्याकडे पेशवाईच्या कागदपत्रांत जो शुहूर सन आढळतो, त्याचा आरंभ सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशापासून होत असे, म्हणून त्यास मृगसाल असेही म्हणत. पाऊस पडण्याच्या वेळी वर्ष सुरू व्हावे, म्हणजे पेरणीपासून विक्रीपर्यंतचा सारा व्यवहार एका वर्षात बसतो, हा त्यामागील सरळ विचार होता.

आजही आपण एका वर्षात अनेक वर्षे जगतो. शासनाचे आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. ही पद्धत आपल्या देशात १८६७ पासून चालत आलेली आहे. शेजारच्या महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे धरतात. व्यापाऱ्याची नवी वही दिवाळीच्या पाडव्याला पुजली जाते. यांपैकी कोणतेही वर्ष खोटे नाही. परंतु एका कामासाठी आखलेला कालखंड दुसऱ्या कामाला तसाच लागू केला, म्हणजे घोटाळा होतो. तेव्हा तारखा निवडण्यापूर्वी आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधीत आहोत, ते एका वाक्यात लिहून काढावे, ही माझी पहिली सूचना आहे.

दिवस मोजा, बाजारही मोजा

दुसरी गोष्ट दिवसांची. फेब्रुवारी २८ दिवसांचा आणि मार्च ३१ दिवसांचा. एखाद्या ठिकाणी रोज नेमके १,००० रुपये जमा होत असतील, तर फेब्रुवारीत २८,००० आणि मार्चमध्ये ३१,००० रुपये दिसतील. डॅशबोर्ड जवळजवळ ११ टक्के वाढ दाखवील आणि प्रत्यक्षात वाढ शून्य असेल. २०२४ साली फेब्रुवारी २९ दिवसांचा होता, त्यामुळे २०२३-२४ हे आर्थिक वर्ष ३६६ दिवसांचे झाले. यावर उपाय सोपा आहे : एकूण जमेबरोबर दररोजची सरासरी जमाही काढावी.

परंतु आठवडी बाजाराच्या उत्पन्नाला एवढ्याने पुरत नाही. तेथे दिवस नव्हे, बाजार मोजावे लागतात. समजा, एका गावचा बाजार रविवारी भरतो. ऑगस्ट २०२४ मध्ये रविवार ४ होते, ऑगस्ट २०२५ मध्ये ५. उलट सप्टेंबर २०२४ मध्ये ५ रविवार होते आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ४. प्रत्येक बाजारात तंतोतंत सारखी वसुली झाली, तरी ऑगस्टात २५ टक्के वाढ आणि सप्टेंबरात २० टक्के घट दिसेल. ऑगस्टात कारकुनाची पाठ थोपटली जाईल आणि सप्टेंबरात त्याला जाब विचारला जाईल. त्याने मात्र दोन्ही महिन्यांत एकसारखेच काम केलेले असेल.

येथे एक युक्ती सांगतो. ३६५ दिवसांऐवजी ३६४ दिवस मागे जावे. ३६४ म्हणजे बरोबर ५२ आठवडे. त्यामुळे रविवारासमोर रविवारच येतो. २४ ऑगस्ट २०२५ च्या रविवारासमोर २५ ऑगस्ट २०२४ चा रविवार ठेवावा. तसेच शक्यतो कालखंड पूर्ण आठवड्यांचा घ्यावा : ७, १४, २१ किंवा २८ दिवसांचा. मग बाजार कोणत्याही वारी भरो, दोन्ही कालखंडांत बाजारांची संख्या आपोआप सारखी राहते.

आणखी एक दक्षता घ्यावी. चालू महिना अपुरा असताना त्याची मागील पूर्ण महिन्याशी तुलना करू नये. आज महिन्याची १२ तारीख असेल, तर मागील महिन्याचेही पहिले १२ दिवसच घ्यावेत. त्यातही शेवटच्या दोन-तीन दिवसांचा भरणा नोंदीत यावयाचा राहिलेला असू शकतो. म्हणून घाईच्या तुलनेत ते दिवस दोन्हीकडून वगळावेत.

पोळ्याला पोळ्यासमोर ठेवा

सण-उत्सवांचे काय करावे? सावरगावकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात सावरगाव आणि पांढुर्णा यांच्या दरम्यान गोटमार होते आणि मेळ्याला भोवतालच्या गावांतून मोठी गर्दी लोटते. त्या प्रथेविषयी जे मतभेद आहेत, ते आजच्या विषयाच्या कक्षेबाहेरचे आहेत. आपल्या विषयापुरते इतकेच पाहावयाचे की, हा दिवस २०२३ साली १५ सप्टेंबरला, २०२४ साली ३ सप्टेंबरला आणि २०२५ साली २३ ऑगस्टला आला. तीन वर्षांत तो तीन आठवड्यांहून अधिक सरकला. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्याने पोळा पुन्हा सप्टेंबरात जातो. चांद्रमासाचा सण इंग्रजी महिन्याच्या चौकटीत कधीच स्थिर बसावयाचा नाही.

तेव्हा महिन्याला महिन्यासमोर न ठेवता पोळ्याला पोळ्यासमोर ठेवावे. पोळ्याआधीचे १५ दिवस, पोळ्याचा १ दिवस आणि नंतरचे ५ दिवस, असा २१ दिवसांचा कालखंड घेऊन पाहा. २०२४ साली पोळा २ सप्टेंबरला होता. म्हणून पहिला कालखंड १८ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर असा भरावा. २०२५ साली तो २२ ऑगस्टला होता. म्हणून दुसरा कालखंड ७ ऑगस्ट ते २७ ऑगस्ट असा भरावा. दोन्हीकडे २१ दिवस, म्हणजे पुरे तीन आठवडे. प्रत्येक वार तीन-तीनदा येतो. दोन्हीकडे रक्षाबंधन आत आहे, पोळा आत आहे, मेळा आत आहे आणि दोन्हीकडे शेवटचा दिवस गणेश चतुर्थीचा आहे. इतकी जुळणारी जोडी इंग्रजी महिने घेऊन सहसा मिळावयाची नाही.

आणि तरीही ही तुलना निर्दोष नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०२५ च्या कालखंडात १५ ऑगस्टची सुटी आत येते, २०२४ च्या कालखंडात ती बाहेर राहते. शिवाय पाऊस दोन्ही वर्षी त्याच दिवशी पडत नाही. परिपूर्ण तुलना जगात नाही; परंतु कोठे अपुरेपण राहिले, ते तक्त्याखाली एका ओळीत लिहिणे सर्वांना शक्य आहे. अशी एक ओळ अनेकदा सगळ्या तक्त्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

संत्र्याचे दोन बहर

आता बागाईतदारांकडे वळू. या भागातील संत्र्याला आंबिया आणि मृग असे दोन बहर येतात, हे आपण जाणताच. आंबिया बहराचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत येतो आणि फळ दिवाळीच्या सुमारास व त्यानंतर निघते. मृगाचा फुलोरा जून-जुलैत येतो आणि फळ फेब्रुवारी-मार्चकडे निघते. नोव्हेंबर-डिसेंबरची जमा आणि फेब्रुवारी-मार्चची जमा समोरासमोर ठेवून कोणी म्हणेल की, संत्र्याचा व्यवहार वाढला किंवा घटला, तर त्याने दोन निरनिराळ्या पिकांची तुलना केली असे समजावे. आंबियाला आंबियासमोर ठेवावे, मृगाला मृगासमोर.

यातही सावधगिरी हवी. अनेक बागांत झाड एके वर्षी भरघोस लागते आणि पुढील वर्षी विसावा घेते. म्हणून केवळ मागील वर्षाशी केलेली तुलना बागाईतदाराला फसवू शकते. एका बाजूला चालू वर्ष आणि दुसऱ्या बाजूला मागील तीन किंवा चार वर्षांची सरासरी घ्यावी. म्हणजे ओझ्याचे वर्ष आणि विसाव्याचे वर्ष दोन्ही हिशेबात येतात. एका वाईट वर्षावरून बाग तोडण्याचा आणि एका चांगल्या वर्षावरून कर्ज काढण्याचा निर्णय कोणीही घेऊ नये.

तारीख कशाची?

बहरातून आणखी एक प्रश्न निघतो. बाग उभी असतानाच व्यापारी सौदा करतो, विसार देतो, तोडणीच्या वेळी काही रक्कम देतो आणि बाकी पुढे चुकती करतो. आता या उत्पन्नाची तारीख कोणती? सौद्याची, तोडणीची की रक्कम हाती आल्याची? तिन्ही तारखा खऱ्या आहेत. परंतु एका वर्षी सौद्याची तारीख धरली आणि दुसऱ्या वर्षी रक्कम मिळाल्याची, तर तुलना मोडली.

स्थानिक संस्थेच्या घरपट्टीचे आणि पाणीपट्टीचेही तसेच आहे. चालू मागणी एक, थकबाकीची वसुली दुसरी. मार्चअखेर जोराची वसुली मोहीम झाली आणि चार वर्षांची थकबाकी एकदम जमा झाली, म्हणून त्या वर्षाचे उत्पन्न वाढले असे म्हणता येत नाही; जुने येणे वसूल झाले एवढेच. पुढील मार्चमध्ये जमा कमी दिसेल, तेव्हा ती घट नसून मोहिमेच्या यशाचाच परिणाम असेल. म्हणून डॅशबोर्डवर कालखंड निवडताना तारीख मागणीची आहे की भरण्याची आहे, हे प्रथम पाहावे आणि थकबाकी निराळी काढावी.

देशाच्या पातळीवरही हेच घडते. वस्तू व सेवा कराचा एप्रिलमध्ये जो भरणा होतो, तो मुख्यतः मार्चमधील व्यवहारांचा असतो. एप्रिलचा आकडा पाहून एप्रिलच्या बाजाराविषयी बोलणारा माणूस एक महिना चुकलेला असतो.

टक्केवारीची फसगत

वस्तू व सेवा कराचाच आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. एप्रिल २०१९ मध्ये या कराचे देशातील एकूण संकलन सुमारे १ लाख १४ हजार कोटी रुपये होते. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी झाली, विवरणपत्रे भरण्यासही सवलत मिळाली आणि एप्रिल २०२० चे संकलन सुमारे ३२ हजार कोटींवर आले. एप्रिल २०२१ मध्ये ते सुमारे १ लाख ४१ हजार कोटी असल्याचे जाहीर झाले. आता एप्रिल २०२१ ची तुलना एप्रिल २०२० शी केली, तर जमा एका वर्षात चौपटीहून अधिक झाली असे दिसते. तीच तुलना एप्रिल २०१९ शी केली, तर दोन वर्षांत सुमारे २४ टक्के वाढ दिसते. दोन्ही उत्तरे गणिताने बरोबर आहेत. परंतु पहिल्या उत्तराने देशाच्या व्यापाराविषयी काहीही कळत नाही. कळते ते इतकेच की, तुलनेचा पाया खड्ड्यात होता. खड्ड्यातून मोजलेली उंची नेहमीच मोठी भरते.

टक्केवारीचा आणखी एक गुण ध्यानात ठेवावा. जमा १०० वरून ८० वर आली, तर घट २० टक्के. तीच ८० वरून १०० वर गेली, तर वाढ २५ टक्के. फरक २० रुपयांचाच, पण पाया बदलला की टक्के बदलतात. पडद्यावरील दोन कालखंडांची अदलाबदल झाली, तर नुसते वाढीच्या जागी घट येत नाही, आकडाही बदलतो. आणि पायाच शून्य असेल, तर टक्केवारीला अर्थच उरत नाही. म्हणून टक्क्यांबरोबर मूळ रकमा नेहमी दाखवाव्यात.

हद्द आणि दर

कालखंड जुळले, सण जुळले, तरी दोन गोष्टी तपासावयाच्या राहतात. पहिली म्हणजे हद्द. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा निर्माण झाला आणि पांढुर्णा व सौंसर हा भाग त्यात आला. आता कोणी छिंदवाडा जिल्ह्याची २०२२-२३ ची जमा २०२४-२५ च्या जमेसमोर ठेवील, तर नाव एकच असले तरी प्रदेश एक नाही. जुन्या आकड्यांतून पांढुर्णा आणि सौंसरचा वाटा बाजूला काढावा किंवा नव्या दोन्ही जिल्ह्यांची बेरीज करावी. त्याशिवाय ती तुलना करू नये. गावाच्या हद्दीत नवी वस्ती आली असेल अथवा बाजाराची जागा बदलली असेल, तर हाच नियम लागू आहे.

दुसरी गोष्ट दराची. बाजार फी ५ रुपयांवरून ६ रुपये केली, तर दुकाने तितकीच राहूनही जमा २० टक्क्यांनी वाढेल. तो वसुलीचा पराक्रम नव्हे. तसेच २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे अनेक वस्तूंवरील दर खाली आले. त्या तारखेच्या अलीकडची आणि पलीकडची जमा तोलताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. असा दरबदल कालखंडाच्या मध्येच येत असेल, तर कालखंड त्या तारखेला तोडून दोन भाग करावेत.

आधी तारखा, मग आकडे

येथवर अजाणता होणाऱ्या चुका झाल्या. आता जाणूनबुजून होणाऱ्या चुकीविषयी बोलले पाहिजे. डॅशबोर्डवर तारखा बदलणे इतके सोपे झाले आहे की, मनाजोगते उत्तर मिळेपर्यंत त्या बदलीत राहण्याचा मोह होतो. ज्याला आपले काम चांगले दाखवावयाचे आहे, तो खड्ड्यातला पाया शोधतो. ज्याला दुसऱ्याचे काम वाईट दाखवावयाचे आहे, तो शिखरावरचा पाया शोधतो. आकडे दोघांचेही खरे असतात, कागदावर शिक्काही असतो. परंतु हे निकाल आधी लिहून मग साक्षीदार बोलावण्यासारखे आहे.

यावर कोणतेही यंत्र उपाय देणार नाही. तो आपल्या शिस्तीतच आहे. ती शिस्त अशी : आकडे पाहण्यापूर्वी दोन्ही कालखंड कागदावर लिहावेत आणि ते का निवडले, याचे कारण शेजारी लिहावे. आकडे पाहिल्यानंतर तारखा बदलणे आवश्यकच वाटले, तर बदलाव्यात. पण पहिली तुलनाही अहवालात ठेवावी. ज्या आकड्यावरून एखाद्याला दोष द्यावयाचा आहे, त्याची निदान दोन निरनिराळ्या कालखंडांनी पडताळणी करावी. आणि नोटीस काढण्यापूर्वी त्या कामावरच्या माणसाला एकदा तोंडी विचारावे. मला जे पंचांग नोटिशीनंतर पाहावयास मिळाले, ते विचारले असते तर आधीच मिळाले असते.

ग्रामसभेत आणि शाळेत

ग्रामस्थ बंधुभगिनींनो, हे केवळ अधिकाऱ्यांचे काम आहे असे समजू नका. ग्रामसभेत जमाखर्च वाचला जातो तेव्हा “उत्पन्न इतके टक्के वाढले” हे वाक्य ऐकून टाळ्या वाजविण्यापूर्वी किंवा “इतके घटले” हे ऐकून बोट दाखविण्यापूर्वी पाच प्रश्न विचारा. कोणत्या तारखांपासून कोणत्या तारखांपर्यंत? दोन्हीकडे दिवस आणि बाजार किती? कोणता सण, कोणता बहर आत आला आणि कोणता बाहेर राहिला? रक्कम चालू मागणीची की थकबाकीची? आणि दर व हद्द तेच आहेत काय? हे प्रश्न विचारण्यास संगणक येण्याची आवश्यकता नाही. ज्या बाईने घरखर्चाची वही ठेवली आहे, तिला हे सहज कळते. दिवाळीच्या महिन्याचा खर्च ती आषाढाच्या खर्चाशी कधी ताडून पाहत नाही.

गुरुजनहो, आपणास एक विनंती आहे. वरच्या वर्गातील मुलांना टक्केवारी शिकविताना पुस्तकातील उदाहरणांबरोबर गावचा बाजारही घ्या. मुलांनी दर आठवड्याला दुकाने मोजावीत, वहीत तारीख, वार आणि तिथी लिहावी. वर्षाअखेर दोन महिन्यांची तुलना करावयास सांगावी आणि फरक का पडला, हे त्यांनाच शोधू द्यावे. जो मुलगा किंवा मुलगी “गुरुजी, त्या महिन्यात पाच बाजार होते” असे सांगेल, त्या मुलाला टक्केवारीचा अर्थ कळला असे समजावे.

अधिकारी मित्रांना एवढेच सांगतो की, आपण ज्या तक्त्यावर सही करतो, त्याच्या मागे कोणीतरी उन्हात, पावसात पावती फाडीत फिरलेला असतो. त्याच्या कामाचे माप घेताना मापच वाकडे असू नये. तांबडा बाण हा आरोप नव्हे, तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यास आपण बांधलेले आहोत. हिरवा बाणही प्रशस्तिपत्र नव्हे; त्यालाही तेच प्रश्न विचारले पाहिजेत.

तो कारकून पुढे त्याच कामावर राहिला. त्याने मला कधी दोष दिला नाही. परंतु त्या दिवसापासून माझ्या मेजावर संगणकाशेजारी पंचांग असते आणि कोणत्याही दोन कालखंडांच्या तारखा भरण्यापूर्वी मी ते उघडून पाहतो. आपणही पाहत जावे, ही विनंती करून मी माझे भाषण पुरे करतो.

जय हिंद.